अकरा सेकंदांचं वळण

"काळी सोडून कुठलीही वायर द्या."

दिपमालाने मान वर केली. नागपंचमीच्या आदल्या सोमवारची दुपार उतरत होती, बाहेर श्रावणाचं ऊन आणि पाऊस एकमेकांना खो देत होते. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या त्या उंच मुलाच्या चष्म्यावर थेंब जमले होते, आणि ते पुसायचं सोडून तो बगलेतली कागदाची गुंडाळी जपत होता.

"काळ्या वायरने काय घोडं मारलं तुमचं?" तिने विचारलं.

"माझं नाही हो. आईचं." तो ओशाळून हसला. "घरी कानबाई बसते ना आमच्याकडे. रविवारी. देवीच्या चौरंगाखालून वायर जाणार, तर आई म्हणते, देवीच्या पायाशी काळा रंग चालायचा नाही."

दिपमालाला हसू आलं, पण तिने ते गालातच ठेवलं. देवाच्या गोष्टीला हसू नये, हे ती नानांच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकायची तेव्हापासूनचं वळण. तिचे वडील कौतिकनाना म्हणजे धरणगावचे मृदंगी. पंचक्रोशीतल्या कुठल्याही कीर्तनात बुवांच्या शेजारी ते असायचेच, आणि त्यांच्या शेजारी पेंगुळलेल्या डोळ्यांची दिपमाला. मोठी झाल्यावर तिने आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आणि आता मावशीकडे राहून जळगावात नवलभाऊंचं हे इलेक्ट्रिकचं दुकान जवळजवळ तीच चालवत होती.

"मग लाल आणि पिवळी घेऊन जा," ती म्हणाली.

"दोन्ही लालच द्या. कुंकवाचा रंग. आईला बरं वाटेल."

"अहो, दोन्ही लाल? मग प्लस कुठली, मायनस कुठली, ओळखणार कसं?"

"मी ओळखेन."

"कशावरून? तोंडावरून?"

आता तो खरंच हसला. चष्मा काढून रुमालाने पुसू लागला आणि डोळे बारीक करून तिच्याकडे बघत राहिला… दिसत नसताना माणूस जसा बघतो तसा, जरा जास्तच वेळ. दिपमालाने घाईघाईने वीस मीटर लाल वायर मोजून दिली. तो गेला. आणि कागदाची ती गुंडाळी काउंटरवरच राहिली.

दुकान आवरताना तिने ती उघडली. उघडली म्हणजे… कोणाची आहे ते बघायला, असं तिने स्वतःला सांगितलं. आत शाईने रेखलेला नकाशा होता. दोन समांतर रेषा, म्हणजे रूळ. एका टोकाला 'पाचोरा', मग 'शेंदुर्णी', 'पहूर', दुसऱ्या टोकाला 'जामनेर'. मध्ये एक एवढासा पूल, कडेला बोटभर निंबाची झाडं, आणि प्रत्येक झाडाला वेगळी सावली! दोन्ही टोकांना रूळ गोल वळसा घेऊन पुन्हा स्वतःलाच येऊन मिळत होता. कोपऱ्यात सुबक अक्षरात नाव: योगराज झुलाल पाटील.

ती छोट्या गाडीची, बंद पडलेल्या पीजेची वाट होती. पाचोरा ते जामनेर. लहानपणी एकदा ती नानांबरोबर त्या गाडीने शेंदुर्णीला कीर्तनाला गेली होती. गाडी इतकी सावकाश जायची की खिडकीतून येणारा वारासुद्धा वाटेत थांबून गप्पा मारील.

दिपमालाने रुळावर बोट ठेवलं आणि ते पाचोऱ्याहून जामनेरला नेलं. वळणात घातलं… आणि वळण संपतं तिथे तिचं बोट थबकलं.

"अरे देवा," ती स्वतःशीच म्हणाली. "हे तर जळणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतं न उघडतं तोच तो दारात हजर.

"माझा नकाशा राहिला का इथे?"

"राहिला. आणि नकाशात एक चूकही राहिलीय."

योगराजचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याच्या जन्मपत्रिकेतच चूक काढली असावी. तो एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा. त्याच्या रेषेला आजवर कोणी बोट लावलं नव्हतं.

"सव्वा महिना खपलोय मी यावर. अर्ध्या मिलिमीटरचीसुद्धा चूक नाही."

"रेषेची नाही म्हणतेय मी. विजेची." तिने नकाशा पसरला. "या इकडे. तुम्ही या रुळावर बोट ठेवा. मी या दुसऱ्या. तुमचा प्लस, माझा मायनस. आता चला जामनेरला."

दोन बोटं शेजारी शेजारी निघाली. पहूर गेलं. जामनेर आलं. वळणात शिरताना तो बाहेरच्या बाजूने, ती आतल्या. त्याच्या नखाला शाई लागलेली होती, तिच्या बोटावर वायर सोलताना झालेला बारीकसा चरा होता. दोघांनी ते एकमेकांचं पाहिलं, आणि दोघंही पाहिलं नाही असं वागले.

"थांबा," वळण संपलं तिथे ती म्हणाली. "बघा बरं. निघताना ज्या रुळावर तुमचं बोट होतं, तिथे आता कोण आहे?"

तो वाकून बघत राहिला. "तुम्ही."

"आणि माझ्या जागी?"

"मी…" त्याचा आवाज एकदम खाली आला.

"म्हणजे प्लस जाऊन मायनसला भेटला. म्हणजे शॉर्ट." दिपमालाने बोट उचललं. जरा उशिराच उचललं.

"मग वळणच नको का?"

"वळण हवंच असेल तर करता येतं. पण एवढा हट्ट का? जामनेरला गाडी थांबवायची, इंजिन उचलून दुसऱ्या तोंडाला लावायचं. सोपं."

"हात लागता कामा नये." तो एकदम गंभीर झाला. "आमचे आबा पीजेवर गार्ड होते. एकतीस वर्षं. ते रिटायर झाले, मग काही वर्षांनी गाडीच बंद झाली. तेव्हापासून ते पाचोरा सोडून आमच्याकडे जळगावला आलेत, पण त्यांच्या झेंड्या अजून दर महिन्याला धुऊन, घडी करून ठेवतात. काय म्हणतात माहितीय? 'गयी ती गाडी, परत उनीच नही.' रविवारी सगळे भाऊबंद जमतील. त्यांच्यासमोर आबांनी हिरवी झेंडी दाखवावी, गाडी जामनेरला जावी आणि… आपली आपण परत यावी. कोणी हात न लावता. एवढंच हवंय मला."

दिपमालाला नानांबरोबरची कीर्तनं आठवली. कीर्तन ऐकताना तिला एक गोष्ट फार आवडायची. बुवा अभंगाचं ध्रुपद सोडून निघायचे ते दृष्टांताच्या रानात कुठल्या कुठे. लेकराला वाटायचं, हरवले आता बुवा. नानांची बोटं मात्र मृदंगावर वाट बघत असायची. आणि मग एका क्षणी बुवा वळून असे नेमके ध्रुपदावर यायचे की अख्खा मंडप 'आहा' म्हणायचा. जाण्याइतकंच हे परत येणंही तिला देवाचं वाटायचं.

"येईल परत," ती म्हणाली. "मी येते शनिवारी तुमच्याकडे. सोल्डरिंग तरी येतं का तुम्हाला?"

"येतं की… थोडं."

"म्हणजे नाही येत."

शनिवारी दिपमाला पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरी पोचली तेव्हा योगराजच्या आई, सुनंदाबाई, ओसरीवर उद्याच्या नैवेद्याच्या रोटांसाठी दळून आणलेल्या पिठाचा डबा झाकून ठेवत होत्या. घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून दळलेलं ते पीठ. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच का व, वायरवाली पोर?"

"हो काकू."

"काया वायर नही ना लई उनी?"

"नाही काकू. पिवळी आणलीय. हळदीसारखी."

"हां. मंग ये." बाईंच्या चेहऱ्यावर ऊन पडलं.

बैठकीच्या खोलीत देवीच्या रिकाम्या चौरंगाभोवती प्लायवूडच्या फळीवर नकाशातलं सगळं उभं राहिलं होतं. पूल, निंबाची झाडं, पहूरच्या फलाटावर बाजरीच्या दाण्याएवढे कंदील. आणि फळीखाली? फळीखाली लालच लाल! कुठून निघालेली वायर कुठे जाते, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"ओळखता ना तुम्ही?" दिपमालाने फळीखाली आडवं होत विचारलं. "सांगा मग, ही कुठली?"

"ती… प्लस."

"आणि ही?"

"तीपण… प्लसच असावी."

"वा! तुमच्या राज्यात मायनस कोणी नाहीच. सगळे सुखी."

तो लाजून हसला आणि तोही फळीखाली आला. दुपारभर दोघं तिथे होते. तिने वायरी सोडवल्या, प्रत्येक मायनसच्या जागी पिवळी घातली. वळणाच्या दोन्ही तोंडांशी तिने दोन्ही रूळ करवतीने कापले. योगराजने तेवढा वेळ डोळे मिटून घेतले होते. फटींत प्लास्टिकचे जोड बसले. प्रत्येक वळणाला आपली वेगळी वीज मिळाली आणि मधल्या सरळ मार्गासाठी एक सहा पायांचा खटका.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. "गाडी वळणात शिरली की ती वळणाच्या विजेवर चालणार. तेवढ्या वेळात हा खटका दाबून सरळ रुळाची वीज उलटी करायची. म्हणजे गाडी बाहेर पडेल तेव्हा पुढचा रूळ तिला ओळखीचा वाटेल. खटका दाबायचा राहिला, तर दारातच शॉर्ट."

"किती वेळ मिळतो?"

त्यांनी गाडी सोडून मोजलं. अकरा सेकंद. पुन्हा मोजलं. अकराच. दोन डब्यांची ती इवलीशी गाडी घरघरत वळणात शिरली, दिपमालाने खटका दाबला, आणि गाडी शहाण्या मुलीसारखी तोंड फिरवून पहूरच्या वाटेला लागली. योगराज रुळांकडे बघतच नव्हता.

"उद्या तुम्हीच बसा खटक्यावर," तो म्हणाला. "आणि… पुढच्या महिन्यात शेंदुर्णीचं स्टेशन मोठं करू. मग चाळीसगावची मोठी लाईन जोडू. मग—"

"मी मंगळवारी चाकणला चाललेय," दिपमाला म्हणाली.

"फिरायला?"

"नोकरीला. कंट्रोल पॅनेल बनवायच्या कारखान्यात. पत्र आलंय. एक वर्ष ट्रेनिंग, मग कायम." तिला आनंदाने सांगायचं होतं. आठ दिवसांपूर्वी तिने अख्ख्या गल्लीला आनंदानेच सांगितलं होतं. आज शब्द मात्र ओल्या काडीसारखे पेटेनात.

"छान," योगराज म्हणाला. "फारच छान." आणि लावलेलं निंबाचं एक झाड त्याने उपटून पुन्हा त्याच भोकात लावलं. मग पुन्हा उपटलं.

रविवारी कानबाई बसली. नथ, हिरवा चुडा, फुलांनी लवलेला मखर. धुपाच्या वासात केळीच्या पानांचा ओला वास मिसळला होता. पाचोऱ्याहून, वरखेडीहून भाऊबंद आले होते, घर गजबजून गेलं होतं. दुपारी पंगत बसली तेव्हा सुनंदाबाईंनी घरच्यांच्या पानांत पुरणाचे रोट वाढले आणि दिपमालासमोर खीर-पुरीचं ताट ठेवलं.

"रोट भाऊबंदनाच रहातंस पोरी. मनले लाऊ नको."

"छे हो काकू. आमच्या घरीही तसंच असतं." खरंच तसंच होतं. तिच्या ताईचं, मेघाचं लग्न झालं त्या वर्षापासून माहेरच्या रोटाचा तुकडाही ताईला मिळेनासा झाला होता. दिलेली लेक दुसऱ्या कुळाची. रीतच ती. दिपमाला ताईला चिडवून चिडवून तिच्यासमोर रोट खायची. आज मात्र पुरीचा तुकडा ती खिरीत नुसताच बुडवत राहिली. परकी आहेस तू इथे, असं ते ताट हळूच सांगत होतं. आणि खरं तर होतीच की ती परकी! कोण कुठली वायरवाली. मंगळवारी जाणारी.

पाचच्या सुमाराला धरणगावहून कौतिकनाना तिला न्यायला आले. घरचे रोट तिच्यासाठी राखून ठेवले होते, ते खाऊन मग तिला चाकणला धाडायची होती. सुनंदाबाईंनी त्यांना चहा दिला, आणि कोपऱ्यात मृदंग दिसल्यावर नाना थोडेच स्वस्थ बसणार होते!

गाडीची वेळ झाली. झुलालआबा आतून आले आणि सगळे वळून बघू लागले. आबांनी पांढरा गार्डचा कोट घातला होता. बटणं ताणली होती, पण लागली होती. गळ्यात शिट्टी, हातात घडी मोडलेली हिरवी झेंडी.

मखराच्या मागे, पडद्याआड, खटक्याशी दिपमाला होती आणि गाडीचा वेग सांभाळणाऱ्या रेग्युलेटरशी योगराज. एवढ्याशा जागेत गुडघ्याला गुडघा लागत होता.

शिट्टी झाली. झेंडी हलली. गाडी निघाली. पाचोरा सुटलं, शेंदुर्णी गेलं, पुलावर बायकांनी "व माय!" केलं. नानांची बोटं आपोआप मृदंगावर रुळांचा ठेका धरू लागली. पहूर. जामनेर. गाडी वळणात शिरली.

एक. दोन. तीन.

"दिपमाला," योगराज कुजबुजला. हे नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. "मला एक सांगायचंय."

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर मला जमणार नाही… मी त्या दिवशी नकाशा विसरलो नव्हतो. मुद्दाम ठेवला होता."

दिपमाला वळून त्याच्याकडे बघत राहिली. चष्म्याच्या काचेत पडद्याच्या फटीतून दिसणारा देवीचा हिरवा चुडा चमकत होता, त्याच्याही मागे दोन डोळे होते. भ्यालेले, आणि अगदी खरे…

टक्.

खटका तसाच होता. अकरा सेकंद कधीच सरले होते. वळणाच्या दारात गाडी मुकाट उभी, रेग्युलेटरवर लाल दिवा. बाहेर सगळ्यांनी माना उंचावल्या. कोणीतरी म्हणालं, "बंद पडनी वाटस." एकतीस वर्षं गार्ड राहिलेल्या माणसाची गाडी, सगळ्या भाऊबंदांसमोर, तिच्या हातून थांबली होती. गेली ती परत आलीच नव्हती!

पडदा बाजूला झाला. आबा वाकून आत बघत होते. त्यांनी खटक्यावर न पडलेला तिचा हात पाहिला. लेकाचे लालभडक कान पाहिले. लाल दिवा पाहिला. आणि त्या जुन्या गार्डला सगळी लाईन एका दमात कळली.

"बोलनं पुरं व्हयनं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"न… नाही आबा," योगराज म्हणाला.

"मंग पुरं करी ल्या. लाईन क्लिअर व्हई तवय मी शिट्टी मारस." पडदा सोडून ते वळले आणि बाहेर त्यांचा भरदार आवाज घुमला, "पाच मिनिट लेट शे! पीजे कवय टायमावर उनी व्हती का?"

घरभर हशा पिकला. त्या हशाच्या आडोशाला पडद्यामागे दोघं एकमेकांकडे बघत होते.

"जाऊ नको म्हणणार आहात?" दिपमालाने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"नाही." त्याने मान हलवली. "जा. तू जाच. वर्षभर नाही, हवं तितकं. फक्त… परत यायचा रूळ मी आखून ठेवू का?"

तू. तो तू म्हणाला होता. दिपमालाने खाली बघितलं. लाल आणि पिवळ्या वायरी तिच्या पायाशी शेजारी शेजारी पसरल्या होत्या, कुंकू आणि हळद सांडावी तशा.

"आख," ती म्हणाली. "पण एक अट आहे. वायरिंग मी करणार. तुझ्या भरवशावर ठेवलं तर घरात दोन्ही प्लसच."

तिने खटका दाबला. आबांची शिट्टी वाजली, जरा लांबलेली, जरा ओली. गाडीने अंग हलवलं, वळणातून बाहेर पडली आणि पहूरच्या वाटेने, शेंदुर्णीच्या वाटेने, पुलावरून कोणाचाही हात न लागता पाचोऱ्याला परत आली. आबांनी झेंडी खाली केली. मग कोटाच्या बाहीने डोळे पुसले, मग बटणं पुसली, म्हणजे लोकांना वाटावं की बटणंच पुसत होते.

सहा वाजता नाना निघायला उठले. दारात सुनंदाबाईंनी दिपमालाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, आणि बोटाला लागलेलं कुंकू पदराला पुसत त्या नानांकडे वळल्या.

"नानाभाऊ, एक सांगू का?"

"सांगा अक्का."

"अवंदा पोरले घरना रोट पोटभर खाऊ द्या." त्यांनी ओसरीवरच्या लेकाकडे एक नजर टाकली. "फुडला साल तुम्हना रोट तिले चालावत नहीत."

दिपमालाला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत ऊन चढलं. ओसरीवर योगराज हातातलं निंबाचं झाड गोलगोल फिरवत उभा होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, चौरंगावरच्या कानबाईकडे पाहून हात जोडले.

"मंग ते लवकर निंघनं पडी अक्का," ते म्हणाले. "यस्टी चुकाले नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणगावच्या घरात दिपमाला पाटावर बसली. आईने एक रोट वाढला. तो संपला. दुसरा वाढला, तोही संपला. तिसऱ्याला तिने स्वतःच हात पुढे केला.

"अगं, चाकणला काय उपास घडणारे का तुला?" आई चकित होऊन म्हणाली. "एवढी कसली भूक?"

नाना ओसरीवर मृदंगाला कणीक लावत होते. मान वर न करताच त्यांनी एक थाप मारून पाहिली. नाद नेमका हवा तसा घुमला.

"खाऊ दे," ते म्हणाले. "पोटभर खाऊ दे तिले."